बर्ड्सविल हॉटेल : १८८४ पासूनचा मुक्काम

ऑस्ट्रेलियातल्या मराठी माणसांच्या स्मरणिकांमधून आपल्या शाळांचे, ग्रंथालयांचे, गणेशोत्सवांचे इतिहास येतात आणि ते यायलाच हवेत. या वेळी मात्र आपण ज्या देशात राहतो त्या देशाच्या एका संस्थेविषयी लिहावे असे ठरले, तेव्हा मी क्वीन्सलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले एक बैठे, दगडी हॉटेल निवडले. संसदेचा, विद्यापीठांचा, क्रिकेटच्या मैदानांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. पण हा देश किनाऱ्यापासून आत, पाण्यावाचूनच्या मुलखात कसा वसला हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने एकदा तरी बर्ड्सविल हॉटेलच्या बारमध्ये बसून गार बियर घ्यावी आणि रात्रीचे जेवण तिथेच करावे, असे मला मनापासून वाटते.

बर्ड्सविल हे ब्रिस्बेनपासून सुमारे १,६०० किलोमीटरवर, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सीमेला जवळजवळ खेटून असलेले गाव. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ११० भरली. पश्चिमेला सिम्प्सन वाळवंटाच्या वाळूच्या टेकड्या एकीमागून एक सुरू होतात. त्यांतली पहिली मोठी टेकडी, ‘बिग रेड’, गावापासून साधारण ३५ किलोमीटरवर आहे. दक्षिणेला स्टर्टचे दगडी वाळवंट. २४ डिसेंबर १९७२ रोजी या गावात ४९.५ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि क्वीन्सलंडच्या उष्म्याचा उच्चांक तोच आहे. गावाला पाणी मिळते ते आर्टेशियन खोऱ्यातून, जमिनीखाली हजार मीटरहून खोल गेलेल्या कूपनलिकेतून, आणि ते वर येते तेव्हा जवळजवळ उकळते असते. आधी निववायचे, मग प्यायचे.

अशा जागी माणसे आली ती डायमँटिना नदीमुळे. क्वीन्सलंडचे पहिले गव्हर्नर बोवेन यांच्या पत्नीचे नाव या नदीला दिलेले आहे. ती वर्षातला बराच काळ डोहाडोहांनी उरते. उत्तरेत शेकडो किलोमीटरवर मोठा पाऊस पडला की मात्र तेच पाणी असंख्य फाट्यांनी पसरत सपाट मुलूख व्यापते आणि ओसरल्यावर मागे उत्तम चारा ठेवून जाते. या चाऱ्यावर गुरे पोसायची आणि दक्षिणेकडे हाकत न्यायची, हा धंदा १८७० च्या दशकात सुरू झाला. नदी ओलांडायच्या जागी एक दुकान उभे राहिले. तेव्हा त्या जागेला ‘डायमँटिना क्रॉसिंग’ म्हणत. पुढे बर्ड्सविल हे नाव रूढ झाले. ते इथल्या पक्ष्यांवरून पडले असे काही सांगतात, तर दुकानाचे मालक बर्ट यांच्या नावाचा अपभ्रंश झाला असे काही.

विल्यम ब्लेअर याने हॉटेल बांधले ते १८८४ साली. त्या वर्षाला अर्थ आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाची रेल्वे त्याच सुमारास हरगॉट स्प्रिंग्ज, म्हणजे आजच्या मारीपर्यंत पोचली होती. त्यामुळे क्वीन्सलंडची गुरे पाचशेहून अधिक किलोमीटर चालवत मारीला आणायची आणि तिथून आगगाडीने ॲडलेडच्या बाजारात पाठवायची, अशी वाट पडली. तीच ही बर्ड्सविल ट्रॅक. शिवाय त्या काळी क्वीन्सलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन वेगळ्या वसाहती होत्या. सीमा ओलांडणाऱ्या जनावरांवर आणि मालावर कर भरावा लागे. कराचा नाका आला, नाक्यामागून पोलीस आले, कोर्ट आले, आणि गावात एकाला तीन हॉटेले झाली : बर्ड्सविल, रॉयल आणि टॅटरसॉल्स. सरबते आणि सोडा बनवण्याचा एक कारखानाही चालत होता. आज या गावात उभे राहून हे सगळे डोळ्यांसमोर आणणे अवघड जाते.

माल कसा येत असे, हे सांगताना आपल्या इतिहासाचा एक धागा हाती लागतो. बर्क आणि विल्स यांच्या दक्षिणेकडून उत्तरेला खंड ओलांडण्याच्या १८६० च्या मोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्स याने कराचीहून २४ उंट मेलबर्नला आणले, त्यांच्याबरोबर उंटवालेही आले. ती मोहीम आजच्या बर्ड्सविलच्या परिसरातून उत्तरेकडे गेली. १८६६ साली टॉमस एल्डर याने पुन्हा कराचीतूनच शंभराहून अधिक उंट पोर्ट ऑगस्टाला उतरवले. कराची आणि सगळा सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. या उंटवाल्यांना इथे सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले, पण त्यांच्यात बलुची होते, पठाण होते, पंजाबी आणि सिंधीही होते. मारीला त्यांची वस्ती होती आणि मातीच्या भिंतींची मशीद होती. तिथून पीठ, साखर, चहा, तारा, पत्रे असा सगळा संसार उंटांच्या पाठीवर लादून ते वाळवंटातल्या वस्त्यांना पोचवत. स्वतः मद्याला न शिवणाऱ्या या माणसांच्या कष्टांवर हा मुलूख जगला. हॉटेलांच्या भिंतींवर त्यांची नावे फारशी दिसत नाहीत. दिसायला हवीत.

आता हॉटेलच्या कामाकडे वळू, कारण या संस्थेचे मोल तिथे आहे. ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींमध्ये दारूविक्रीचा परवाना नुसत्या गुत्त्याला मिळत नसे. प्रवाशाला निजायला खोली, खायला जेवण, घोड्याला तबेला आणि चारा हे सगळे देण्याची अट परवान्यासोबत येई. म्हणूनच आजही गावोगावच्या पबांवर ‘हॉटेल’ अशी पाटी असते आणि वर किंवा मागे दोन-चार खोल्या असतात. शहरात ही अट पुष्कळदा कागदावर राहिली. वाळवंटात ती माणसाच्या जिवाशी जोडलेली होती. पुढचे पाणी किती कोसांवर आहे, कोणता डोह आटला, कोणत्या वाटेवर पूर आला, मागून कुणाचा कळप येतो आहे ही सगळी माहिती हॉटेलवाल्याकडे मिळे. तो पत्रे सांभाळी, निरोप पोचवी, उधारी लिही, आजाऱ्याला खाट देई. सरकारी नोकर बदलून जात, हॉटेल मात्र जागेवर असे.

या चित्राची दुसरी बाजूही इतिहासात यायला हवी. महिनोन्‌महिने कळपामागे राबलेला गुराखी मजुरीचा चेक घेऊन गावात येई, तो हॉटेलवाल्याच्या हवाली करी आणि संपेपर्यंत पीत राही. चेक संपला की पुन्हा कामावर. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात हा रिवाजच होता. त्याने कित्येक माणसे कफल्लक झाली आणि काही हॉटेलवाले गब्बर झाले. पुष्कळ हॉटेलवाल्यांनी गुराख्याच्या चेकमधले चार पैसे परतीच्या वाटेसाठी बाजूला ठेवले, हेही खरे. पण ते त्या त्या माणसाच्या भलेपणावर होते.

याहून मोठा अन्याय कायद्यानेच केला. हा मुलूख वांगकांगुरू आणि यार्लुयांदी लोकांचा. सिम्प्सनच्या टेकड्यांमधले पाण्याचे खड्डे त्यांनाच ठाऊक होते आणि बर्ड्सविल ट्रॅकवरून गुरे हाकण्यात मूलनिवासी घोडेस्वारांचा वाटा मोठा होता. तरीही क्वीन्सलंडच्या कायद्याने त्यांना मद्य विकण्यास बंदी होती. ही बंदी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. कळपाबरोबर आलेला गोरा गुराखी आत बसे आणि त्याच कळपाला वाट दाखवणारा बाहेर उभा राही. बायकांनाही क्वीन्सलंडमध्ये सार्वजनिक बारमध्ये मद्य देण्याची मनाई होती. गंमत नव्हे, दुखरी गोष्ट अशी की ग्रामीण ऑस्ट्रेलियात हॉटेलांचे परवाने चालवणाऱ्या स्त्रिया, विशेषतः विधवा, पुष्कळ होत्या. म्हणजे बारच्या आत उभे राहून विकायला बाई चाले, बाहेरच्या बाजूला बसून प्यायला चालत नसे. या मनाईच्या निषेधार्थ ३१ मार्च १९६५ रोजी ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉग्नर या दोघींनी स्वतःला साखळीने बारला जखडून घेतले. कायदा बदलला तो १९७० साली. आज आपल्या घरच्या बायका बर्ड्सविलच्या बारमध्ये निवांत बसतात, तेव्हा या दोघींची आठवण काढावी. मूलनिवासींच्या बाबतीत न्यायालयाने २०१४ मध्ये या भूमीवरचा वांगकांगुरू आणि यार्लुयांदींचा पारंपरिक हक्क मान्य केला.

१९०१ मध्ये वसाहतींचे एक राष्ट्र झाले आणि सीमेवरचा कर गेला. देशासाठी ती आनंदाची घटना होती, बर्ड्सविलची मात्र कंबर मोडली. नाका उठला, माणसे पांगली, वस्ती खूपच घटली. तीन हॉटेलांपैकी टॅटरसॉल्स नाहीसे झाले. रॉयल हॉटेलचे नशीब वेगळे निघाले. जॉन फ्लिन यांच्या ऑस्ट्रेलियन इनलंड मिशनने १९२३ साली तिथे दवाखाना उघडला आणि ग्रेस फ्रान्सिस व कॅथरिन बॉइड या दोन परिचारिका त्या रिकाम्या हॉटेलात राहायला आल्या. शेकडो किलोमीटरच्या परिघात दुसरे औषधपाणी नव्हते. याच फ्लिन यांनी १९२८ मध्ये क्लॉनकरीहून विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू केली, तीच पुढे रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस म्हणून जगभर नावाजली. रॉयल हॉटेलच्या दगडी भिंती ॲडलेड स्ट्रीटवर आजही पाहता येतात. राहिले एकटे बर्ड्सविल हॉटेल. पुढची सगळी दशके प्रवाशाची सोय पाहण्याचा भार त्याच्यावर होता.

वेळेच्या कायद्याचीही एक मौज नोंदवतो. १९१६ पासून दक्षिण ऑस्ट्रेलियात बार संध्याकाळी सहाला बंद करण्याची सक्ती झाली आणि ती १९६७ पर्यंत चालली. क्वीन्सलंडने मात्र १९२३ मध्ये रात्री आठची वेळ ठरवली. त्यामुळे मारीहून ट्रॅकने वर येणाऱ्या माणसाला सीमा ओलांडल्यावर दोन तास जास्त मिळत.

त्या ट्रॅकवरून १९३६ पासून दोन दशकांहून अधिक काळ टपाल आणणारा टॉम क्रूझ हा या हॉटेलच्या इतिहासाचाच भाग आहे. पंधरा दिवसांतून एकदा लेलँड बॅजर ट्रक घेऊन तो मारीहून निघे. वाळूत चाक रुतले की लोखंडी पत्रे खाली अंथरायचे, ट्रक पुढे घ्यायचा, पत्रे उचलायचे, पुन्हा अंथरायचे. कूपर्स क्रीकला पूर असला की माल होडीत चढवायचा. जॉन हेयर याने त्याच्यावर काढलेल्या ‘द बॅक ऑफ बियाँड’ या चित्रपटाला १९५४ मध्ये व्हेनिसला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि बर्ड्सविल हे नाव जगाला कळले. ती वाट किती निर्दय होती, हे १९६३ च्या नाताळाच्या दिवसांत दिसले. मारीहून निघालेले पाच जणांचे कुटुंब गाडीतले इंधन संपून ट्रॅकवर अडकले आणि तहानेने सगळेच्या सगळे गेले. आजही इथले लोक प्रवाशाला पहिला प्रश्न पाण्याबद्दल विचारतात, तो उगीच नाही.

गावाचा मोठा सण म्हणजे घोड्यांच्या शर्यती. त्या हॉटेलपेक्षाही जुन्या आहेत. पहिली शर्यत १८८२ च्या सप्टेंबरात धावली, तेव्हा गावाला बर्ड्सविल हे नावही मिळालेले नव्हते. आता दर वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन दिवस हजारो माणसे येतात, तंबू पडतात, विमानांची रांग लागते आणि शर्यतीतून उभा राहणारा पैसा फ्लाइंग डॉक्टर सेवेला जातो. फ्रेड ब्रॉफीच्या मुष्टियुद्धाच्या तंबूने या जत्रेत अनेक वर्षे गर्दी खेचली. २००७ मध्ये घोड्यांच्या इन्फ्लुएन्झामुळे, २०१० मध्ये पावसामुळे आणि २०२० व २०२१ मध्ये कोविडमुळे शर्यती झाल्या नाहीत. ज्या गावाची वर्षभराची मिळकत मोठ्या प्रमाणात त्या दोन दिवसांवर असते, त्या गावाला हे किती जड गेले असेल याची कल्पना आपल्याकडच्या जत्रेच्या गावांना चटकन येईल.

हॉटेलवरचे सर्वात मोठे संकट १९७९ चे. आगीत इमारतीचा आतला भाग जळून गेला. दगडी भिंती उभ्या राहिल्या. त्या वेळी विमा, बांधकामाचा खर्च आणि सामान आणण्याचे अंतर यांचा व्यवहारी हिशोब कुणी केला असता, तर भिंती पाडून जागा मोकळी करणेच परवडले असते. तसे झाले नाही. डेव्हिड ब्रूक आणि किम फोर्ट यांनी हॉटेल पुन्हा उभे केले आणि पुढे सुमारे चार दशके त्यांच्याच मालकीत ते चालले. ब्रूक कुटुंब याच भागातले पशुपालक. बाहेरच्या भांडवलदाराने हे केले असते असे मला वाटत नाही. हॉटेल बंद पडले तर गावाला संध्याकाळी बसायची जागा उरणार नाही, प्रवासी थांबणार नाही, पेट्रोल खपणार नाही, हे इथे राहणाऱ्यालाच कळते. बर्ड्सविलच्या इतिहासात १८८४ इतकेच १९७९ हे वर्ष महत्त्वाचे मानले पाहिजे. २०२० पासून हॉटेल नव्या मालकांच्या हाती आहे.

आज इमारतीच्या समोर रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे विमानाची धावपट्टी. छोट्या विमानाचा वैमानिक उतरतो आणि चालत दोन-तीन मिनिटांत बारमध्ये येतो. आम्ही ॲडलेडहून मारीमार्गे गाडीने गेलो होतो. ट्रॅकवरची लाल धूळ कपड्यांत, केसांत, डब्यातल्या चपात्यांतसुद्धा शिरली होती. पत्र्याच्या छपराखालच्या त्या बसक्या दगडी इमारतीत पाऊल टाकले की आधी जाणवतो तो गारवा. मग नजर वर जाते. छताला टोप्या ठोकलेल्या आहेत, घामाने काळवंडलेल्या, कडा फाटलेल्या, कुणा कुणा गुराख्याच्या. भिंतींवर जुनी छायाचित्रे आहेत, पुराची, शर्यतींची, घोड्यांची. ती नीट पाहायला अर्धा तास तरी द्यावा.

क्वीन्सलंडमध्ये २८५ मिलीलिटरच्या पेल्याला ‘पॉट’ म्हणतात आणि ४२५ च्या पेल्याला ‘स्कूनर’. बारजवळ उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने आधी आमच्या गाडीच्या टायरांची चौकशी केली, मग रस्ता कसा होता ते विचारले आणि मग स्वतःचे नाव सांगितले. शेजारी एक गवंडी, एक रस्त्याच्या कामावरचा ग्रेडरचालक, एक निवृत्त जोडपे आणि आम्ही, अशी मंडळी थोड्या वेळाने एकाच गप्पेत होती. मद्य न घेणाऱ्या आमच्यातल्या दोघांनी लिंबाचे सरबत आणि सोडा घेतला, त्याकडे कुणी वळून पाहिले नाही. आपल्याकडे पुष्कळांच्या मनात पब म्हणजे काहीतरी चोरटे असते. ग्रामीण ऑस्ट्रेलियाचा पब तसा नाही. मुले असतात, आजी-आजोबा असतात, आठला बहुतेक जण घरी गेलेले असतात.

जेवणाची वेळ मात्र सांभाळावी लागते. गावातल्या पबचे स्वयंपाकघर साधारण सहा ते आठ चालते, उशिरा पोचलेल्याला मग बेकरी उघडेपर्यंत थांबावे लागते. पदार्थ साधे आणि भरपूर. ज्यांना बीफ चालते त्यांनी स्टेक घ्यावा, कारण ते डायमँटिनाच्या पुरानंतर उगवलेल्या चाऱ्यावर वाढलेल्या गुरांचे असते आणि या मुलखाची सगळी कमाई त्या एका ताटात आहे. इतरांना चिकन, मासे, बटाटे, सॅलड असे पबचे नेहमीचे जेवण मिळते. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे, आपलेपणाने काहीतरी जुळवून देतात. ट्रकने एवढ्या लांबून आणलेल्या कोबीचे मोल तिथे बसल्यावर कळते. गावातल्या बेकरीत उंटाच्या मांसाची करी भरलेला ‘पाय’ (pie) मिळतो आणि तो देशभर प्रसिद्ध आहे. कराचीहून आलेल्या उंटांचे वंशज वाळवंटात रानटी होऊन वाढले, त्यांची ही अखेर.

पूर्वेला १७० किलोमीटरच्या आसपास बेटूटा नावाचे गाव आहे. तिथलेही हॉटेल एकोणिसाव्या शतकातले, दगडी, प्रवाशांचा आधार असलेले. १९९७ मध्ये ते बंद झाले आणि पुढे गावच रिकामे झाले. दोन दशकांनी कुणीतरी पुन्हा दार उघडले म्हणून ते आज आहे. अंतर्भागातली अशी किती हॉटेले कायमची मिटली याची मोजदाद वाटेवरच्या पडक्या चिमण्या पाहून करावी लागते. बर्ड्सविल हॉटेल टिकले ते कुण्या सरकारी अनुदानाने नाही. गाडीवाला थांबला, त्याने पेला मागवला, जेवला, खोली घेतली, म्हणून टिकले.

म्हणून वाचकांना विनंती. एप्रिल ते सप्टेंबर या थंडीच्या महिन्यांत आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे उलुरूला, केर्न्सला जातात. एखादे वर्ष बर्ड्सविलसाठी ठेवा. रस्ता उघडा आहे ना हे निघण्यापूर्वी पाहा, प्रत्येक माणसामागे भरपूर पाणी आणि एक जास्तीचे चाक बरोबर घ्या, आणि कुठे चाललो आहोत ते घरी कुणाला तरी सांगून ठेवा. शर्यतींच्या दिवसांत जायचे असेल तर खोली कित्येक महिने आधी राखावी लागेल. तिथे पोचल्यावर दारापुढे उभे राहून फोटो काढून बिग रेडकडे निघून जाऊ नका. आत जा, बसा, एक जेवण तिथे करा आणि जमल्यास रात्र तिथेच काढा.